उष्णतेचे चित्र आणि स्तनाची तपासणी



ह्या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर डॉक्टर येतात, प्राध्यापक येतात, वकील येतात. आम्ही ह्यांपैकी कोणी नाही. शाळा आठवीत सुटली, सतराव्या वर्षी सूतगिरणीत साच्यावर उभे राहिलो आणि गेली पंचवीस वर्षे युनियनचे काम करीत आहोत. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयात बसून. तेव्हा स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगाविषयी, आणि त्यातही एका यंत्राविषयी, आम्ही बोलावे हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. चालकांनाही वाटले. कामगार कायद्यांतील बदलांवर बोला, असे त्यांनी सुचविले होते. आम्ही हाच विषय धरून बसलो, कारण ह्या बाबतीत आमच्या हातून एक चूक झालेली आहे आणि युनियनच्या पैशाचा हिशेब जसा जाहीर द्यावयाचा असतो तसा ह्या चुकीचाही द्यावा असे आम्हांस वाटते. ती चूक पुढे सांगू. अगोदर यंत्र समजून घेऊ.

हे यंत्र आम्ही प्रथम पाहिले ते दवाखान्यात नव्हे, गिरणीत. विजेच्या पॅनेलमध्ये एखादा जोड सैल झाला की तेथे विजेला अडथळा होतो आणि जोड तापू लागतो. वेळीच कळले नाही तर तो जळतो, कधी खातेच पेटते. पूर्वी वायरमन वासावरून आणि आवाजावरून ओळखत. चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या गिरणीत एक कॅमेरा आला. तो पॅनेलसमोर धरला की थंड भाग निळे-जांभळे दिसत आणि तापलेला जोड पिवळा, अगदीच तापला असेल तर पांढरा. वायरमनने तो आमच्या हातात दिला आणि म्हणाला, "अण्णा, भिंतीला हात टेकवा जरा." आम्ही तळहात अर्धा मिनिट भिंतीला टेकवून काढून घेतला. डोळ्यांना भिंत कोरी दिसत होती, पण कॅमेऱ्यात पाची बोटांसह आमचा पंजा तेथे उमटलेला होता आणि हळूहळू विझत होता. आम्हांस त्या दिवशी लहान मुलासारखी गंमत वाटली.

ह्या गमतीमागची गोष्ट अशी. १८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल ह्या ज्योतिर्विदाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तेथे, पारा सर्वांत अधिक चढला. म्हणजे तेथे न दिसणारे किरण होते. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. पुढे कळले की जी वस्तू म्हणून उबदार आहे ती हे किरण बाहेर टाकीतच असते; चूल टाकते, गाय टाकते, तुम्ही-आम्हीही टाकतो. माणसाची कातडी साधारण ३२ ते ३४ अंश सेल्सिअस असते आणि तिच्यातून निघणाऱ्या किरणांची लांबी नऊ-दहा मायक्रॉनच्या आसपास असते. मायक्रॉन म्हणजे मीटरचा दहा लाखावा भाग. हे किरण पकडणारा पडदा कॅमेऱ्यात बसविला, की वस्तूच्या पृष्ठभागावर कोठे किती ऊब आहे ह्याचा नकाशा तयार होतो. चांगल्या कॅमेऱ्याला एक दशांश अंशाचा फरकदेखील कळतो. चित्रातले रंग मात्र खरे नव्हेत. कोणत्या उष्णतेला कोणता रंग द्यावयाचा हे यंत्र बनविणाऱ्याने ठरविलेले असते. लाल डाग दिसला म्हणून आत लाल काही आहे असे नाही, आणि सारे निळे दिसले म्हणून सारे ठीक आहे असेही नाही. हे वाक्य आम्ही फार महाग शिकलो.

आता स्तनाच्या कर्करोगाशी ह्याचा संबंध कसा आला? कल्पना मुळीच खुळचट नव्हती, हे प्रथम सांगितले पाहिजे. कर्करोगाची गाठ म्हणजे शरीराच्या शिस्तीबाहेर वाढणाऱ्या पेशी. त्यांना अन्न पाहिजे, म्हणून त्या आपल्याकडे नवीन रक्तवाहिन्या ओढून घेतात. रक्त अधिक आले की तेथे ऊबही अधिक येणार. १९५६ साली कॅनडातील माँट्रियलच्या रे लॉसन ह्या शल्यवैद्याने स्तनाच्या कर्करोगाच्या रोग्यांत गाठीवरच्या कातडीचे तापमान आजूबाजूच्यापेक्षा अधिक असते, असे मोजून प्रसिद्ध केले. त्याच सुमारास लष्करात रात्री शत्रू हुडकण्यासाठी वापरली जाणारी अवरक्त किरणांची साधने नागरी उपयोगाला मिळू लागली होती. दोहोंची सांगड पडली आणि ह्या तपासणीला थर्मोग्राफी हे नाव मिळाले. स्पर्श नाही, दुखणे नाही, क्ष-किरण नाहीत. डॉक्टरांना मोठी आशा वाटली, आणि आम्ही त्या जागी असतो तर आम्हांसही वाटली असती.

अडचण कोठे आहे ते पाहा. आमच्या वायरमनने पॅनेल तपासताना आधी त्याचे दार उघडले होते. बंद दारावर कॅमेरा धरला असता तर दाराचे चित्र आले असते, आतल्या जोडाचे नव्हे. क्ष-किरण शरीरातून आरपार जातात; उष्णतेचा कॅमेरा शरीरात काडीइतकेही पाहत नाही. तो फक्त कातडी पाहतो. आतली ऊब कातडीपर्यंत पोचली तरच ती दिसणार. आणि स्तनात चरबी पुष्कळ असते. चरबी उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून तर ती थंडीत अंगाला उपयोगी पडते. आमच्या भागात कडक भाकरीचे कौतुक जास्त, पण गरम भाकरीही घरोघर होतात. गरम भाकरी दोन-तीन फडक्यांत गुंडाळून टोपल्यात ठेवा आणि वरच्या फडक्याला हात लावा. भाकरी वर असेल तर ऊब लागेल. तळाशी एकच असेल तर हाताला काही कळणार नाही. खोलवर असलेल्या लहान गाठीचे तसे होते. शिवाय सगळेच कर्करोग तापट नसतात. काही सावकाश वाढतात, फार रक्त ओढीत नाहीत. काहींच्या अगदी आरंभी दुधाच्या नळ्यांत चुन्याचे बारीक कण साचतात. क्ष-किरणांच्या चित्रात ते मिठाच्या खड्यांसारखे दिसतात, पण त्यांना ऊब कोठली?

उलट बाजूही आहे. कातडी ज्या कारणांनी तापते ती शेकडो आहेत. उन्हातून चालून आलेली बाई, नुकताच चहा घेतलेली बाई, अंगावर पाजणारी आई, दूध साचून सूज आलेली आई, पाळीचे दिवस जवळ आलेली बाई. प्रत्येकीचे चित्र वेगळे. म्हणून ही तपासणी करणारे स्वतःच सांगतात की खोली गार हवी, वारा थेट अंगावर नको आणि बाईने उघड्या अंगाने पंधरा मिनिटे स्वस्थ बसले पाहिजे, म्हणजे कातडी निवते. एवढे करून दोन्ही बाजूंची तुलना करावयाची. पण निसर्गाने दोन्ही बाजूंच्या शिरा एकसारख्या घडविल्या आहेत असा काही करार नाही.

हे सर्व तर्काने झाले. तर्क आमचाही चालतो आणि यंत्र विकणाऱ्याचाही चालतो. म्हणून जे मोजले गेले ते पाहावे. अमेरिकेत १९७३ साली एक फार मोठा उपक्रम सुरू झाला. तेथील कर्करोग संस्था आणि राष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ह्यांनी मिळून सुमारे दोन लाख ऐंशी हजार स्त्रियांची तपासणी हाती घेतली. प्रारंभी हाताने तपासणी, क्ष-किरणांची म्हणजे मॅमोग्राफी आणि उष्णतेची थर्मोग्राफी, अशा तिन्ही केल्या जात. थोड्याच वर्षांत दिसून आले की ज्यांना खरोखर कर्करोग आहे अशा शंभर स्त्रियांत थर्मोग्राफीने चाळीसच्या आसपासच ओळखल्या जातात; मॅमोग्राफीने बऱ्याच जास्त. तेव्हा उपक्रम चालू असतानाच थर्मोग्राफी त्यातून काढून टाकण्यात आली. ही गोष्ट आज-कालची नाही. आम्ही शाळेतही गेलो नव्हतो तेव्हाची आहे.

शंभरांत चाळीस म्हणजे काहीच नसल्यापेक्षा बरे, असे कोणी म्हणेल. आम्हीही म्हटले असते. पण येथे थोडा हिशेब करू. समजा, हजार स्त्रियांना बोलाविले आणि त्यांतल्या पाचजणींना रोग आहे. चाचणी शंभरांत चाळीस ओळखणारी आहे. म्हणजे पाचांतल्या दोघी सापडल्या, तिघी 'काही नाही' असा कागद घेऊन घरी गेल्या. निरोगी राहिल्या ९९५. ह्यांच्यापैकी शेकडा वीसजणींच्या चित्रात उगाच लाल डाग दिसतो असे धरा. म्हणजे १९९ जणी घाबरून पुढच्या तपासण्यांना पळणार. दोघींना शोधण्यासाठी दोनशेजणींना रडवावयाचे आणि तिघींना निजवून ठेवावयाचे. घाबरलेल्या स्त्रीला पुढची तपासणी निदान सोडविते. खरा धोका त्या तिघींना आहे, कारण त्यांच्या हातात कागद आहे.

आता आमची चूक सांगतो.

आमच्या गिरणीत कोन वाइंडिंगच्या खात्यात बहुतेक बायकाच आहेत. त्यांच्यासाठी आरोग्य शिबिर भरवावे असे युनियनने ठरविले आणि एका संस्थेने स्तन-तपासणीची तयारी दाखविली. स्पर्श नाही, कपडे काढावे लागतील पण समोर मुलगीच असेल, दहा मिनिटांचे काम, अर्धे पैसे व्यवस्थापन देईल. आम्हांस ते फार पसंत पडले. गावापासून जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात जावयाचे तर दिवसाचा खाडा पडतो, आणि पुरुष डॉक्टर असेल ह्या धास्तीने अर्ध्या बायका स्टँडवरूनच परततात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे. ही लाज आणि हा खाडा, दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत. ज्याचा खाडा कधी पडत नाही त्याने त्यांना अडाणीपणा म्हणू नये. फलकावर सूचना आमच्या सहीने लागली. नाव देत नव्हत्या त्यांना आम्ही खात्यात जाऊन समजाविले.

शिबिर एप्रिलमध्ये झाले. बाहेर ऊन चाळिशीच्या वर, कँटीनमध्ये पडदे लावून आडोसा केलेला, दारात चहाचा पिंप. पाच मिनिटेही कोणी निवत बसले नाही. तरी ह्या ढिसाळपणावर आम्ही बोट ठेवीत नाही. सारे नियम पाळले असते तरी मूळ दोष गेला नसता.

वाइंडिंगमध्ये एक बाई आहेत, वय अठ्ठेचाळीस. त्यांना आपण येथे अक्का म्हणू. अक्कांना उजव्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ लागत होती आणि त्यांनी ती कॅमेऱ्याच्या मुलीला सांगितलीही. तिने चित्र पाहून 'तिथे काही तापलेले नाही' असे सांगितले. आठ दिवसांनी रंगीत चित्रांचा इंग्रजी कागद आला. अक्का तो घेऊन युनियनच्या कचेरीत आल्या आणि आम्ही चष्मा लावून वाचून दाखविला : जोखीम कमी, पुढची तपासणी एक वर्षाने. अक्कांनी कागदाची घडी केली, देव्हाऱ्यामागे ठेवली आणि गाठीचा विचार सोडून दिला.

आठ महिन्यांनी गाठ सुपारीहून मोठी झाली आणि वरची कातडी आत ओढल्यासारखी दिसू लागली. हे त्यांनी आम्हांस सांगितले नाही, आमच्या घरात सांगितले. दुसऱ्या दिवशी आमची मंडळी त्यांना घेऊन रुग्णालयात गेली. हाताने तपासणी, मॅमोग्राफी, मग सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी. आणि काखेतही गाठी निघाल्या. निकाल लागला त्या संध्याकाळी आम्ही भेटावयास गेलो. अक्का रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "अण्णा, कागद तर तुम्हीच वाचून दाखविला होता."

डॉक्टरांना आम्ही विचारले की त्या आठ महिन्यांनी काय बिघडले. ते सरळ माणूस होते. म्हणाले, एका रोग्यापुरते असे सांगता येत नाही; पण गाठ लहान असताना, काखेत पोचण्याआधी हाती लागली तर उपचार सोपा असतो आणि बरे होण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. मग त्यांनी आमचे एक मोठे अज्ञान दूर केले. ते म्हणाले, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एक केल्यात. जिला काहीही त्रास नाही अशा स्त्रीत दडलेला रोग शोधणे, ही चाळणी. जिला गाठ लागते आहे तिला चाळणी लागतच नाही. तिला निदान लागते. हाताला गाठ लागली की कोणत्याही चाळणीने 'काही नाही' म्हटले तरी ते मानावयाचे नाही, मॅमोग्राफीने म्हटले तरीसुद्धा. गाठीतून सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून वाद मिटत नाही. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. तरुण मुलींत तर बहुतेक साध्याच असतात. पण कोणती साधी आणि कोणती नव्हे, हे बाहेरून ऊब पाहून कळत नाही.

त्या दिवसापासून आम्ही वाचू लागलो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८२ साली थर्मोग्राफीच्या यंत्रांना परवानगी दिली ती दुसऱ्या तपासणीच्या जोडीला वापरण्यापुरती. आणि २०१९ साली त्याच प्रशासनाने जाहीर इशारा दिला की थर्मोग्राफी एकटी वापरा की दुसऱ्या चाचणीसोबत वापरा, स्तनाच्या कर्करोगाची चाळणी म्हणून ती उपयोगी ठरते असा ग्राह्य पुरावा नाही, आणि मॅमोग्राफीच्या जागी ती घेऊ नये. परवानगी मिळाली एवढेच जाहिरातीत छापतात; कशासाठी मिळाली ते छापत नाहीत. करारावर सही करण्यापूर्वी बारीक अक्षर वाचावे हे आम्ही जन्मभर कामगारांना सांगत आलो, आणि येथे स्वतःच विसरलो.

अलीकडे संगणकाच्या कृत्रिम बुद्धीचे नाव निघते. बंगळूरला २०१६ साली निघालेल्या निरामाई ह्या कंपनीने उष्णतेची चित्रे माणसाच्या डोळ्यांऐवजी संगणकाकडून वाचून घेण्याची पद्धत काढली आहे. प्रयत्न गंभीर आहे, आपल्याकडच्या तरुण स्त्रिया डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे, आणि काही शे स्त्रियांवरचे त्याचे निष्कर्ष पूर्वीपेक्षा चांगले आहेत. आम्ही यंत्राचे शत्रू नाही. पण काही शे स्त्रियांत रोग ओळखणे एक, आणि लाखो स्त्रियांत वर्षानुवर्षे तपासणी करून मृत्यू कमी झाले असे दाखविणे दुसरे. दुसरे अजून झालेले नाही. ते होईपर्यंत आमच्या मते ही संशोधनाची वस्तू आहे, शिबिराची नव्हे.

मॅमोग्राफीला ही कसोटी द्यावी लागली होती. न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली सुमारे बासष्ट हजार स्त्रियांचे दोन गट करून एकीकडे मॅमोग्राफी आणि हाताची तपासणी दिली, दुसरीकडे नेहमीचेच चालू ठेवले, आणि वर्षानुवर्षे मृत्यू मोजले. तपासलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी भरले. पुढे स्वीडनमध्ये १९७७ पासून असाच प्रयोग झाला. तिच्यातही दोष आहेतच. स्तन दोन पट्ट्यांत दाबावा लागतो, दुखते. तरुण स्त्रियांचा स्तन घट्ट असतो, चित्र पांढरे येते आणि गाठही पांढरी, त्यामुळे चकवा होतो. तेथे सोनोग्राफीची मदत घेतात. ज्याने कधीच त्रास दिला नसता असा रोगही कधी सापडतो आणि उपचार भोगावे लागतात. क्ष-किरणांची भीती मात्र आमच्या बायकांना नको तेवढी घातली गेली आहे. एका मॅमोग्राफीत जेवढे किरण लागतात तेवढे निसर्गातून, दगडमातीतून आणि आकाशातून, सुमारे सात आठवड्यांत आपल्या अंगावर येतच असतात.

तरीही प्रश्न उरतोच : प्रत्येक तालुक्याला मॅमोग्राफी कोठून आणणार? येथे आम्हांस जी माहिती मिळाली तिने फार उभारी आली, आणि ती आपल्याच मुंबईतली आहे. परळला गिरण्यांच्या भोंग्यांमध्ये १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले. आमच्या पिढीच्या कामगाराला ते नाव भीतीचेच वाटत आले. त्याच रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक प्रयोग सुरू केला. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया, वस्त्यांचे दोन गट. एका गटात शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासत, असे चार वेळा. यंत्र कोणतेच नाही. सेविका म्हणजे डॉक्टर नव्हेत. शाळा शिकलेल्या, काही आठवडे पद्धतशीर शिकवून घेतलेल्या बाया. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गटात रोग अधिक लवकरच्या पायरीवर सापडला. पन्नास वर्षे व त्यापुढच्या स्त्रियांत ह्या रोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यूंत म्हणण्याजोगा फरक दिसला नाही, आणि सर्व वयांचा मिळून फरक पक्का म्हणता आला नाही. हेही सांगितलेच पाहिजे. नाहीतर आम्ही आणि जाहिरातवाले ह्यांत भेद काय?

म्हणजे ज्या स्पर्शाला टाळण्यासाठी आम्ही कॅमेरा आणला तो स्पर्शच, शिकलेल्या हाताचा असेल तर, कामाचा निघाला. अक्कांची गाठ त्या कँटीनमध्ये कोणी नुसती चाचपली असती तर सापडली असती. अक्कांनाच ती सापडलेली होती!

आमच्या देशात २०२२ साली स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे एक लाख ब्याण्णव हजार नव्या रोगी निघाल्या आणि अठ्ठ्याण्णव हजारांच्या आसपास स्त्रिया त्याने गेल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज आहे. आपल्याकडे बायका उशिरा येतात हे ह्याचे एक मोठे कारण. केंद्र सरकारने २०१६ साली ठरविले की तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित सेविकेकडून हाताने तपासणी व्हावी. कागद चांगला आहे. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी स्तनाची तपासणी कधीतरी झालेल्या किती निघाल्या? हजारी नऊ. ह्या रिकाम्या जागेतच रंगीत चित्रांचा धंदा उभा राहतो, आणि आमच्यासारखे भाबडे लोक त्याला सभागृह मिळवून देतात.

श्रोत्यांमध्ये भगिनी पुष्कळ आहेत म्हणून स्पष्टच बोलतो. स्तनात किंवा काखेत गाठ, कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्तासारखा स्राव. ह्यांपैकी काहीही दिसले तर दुखण्याची वाट पाहू नये. ही गाठ बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच फसविते. डॉक्टरांकडे जाऊन 'मला गाठ लागते आहे' एवढे म्हणावे. आणि पुरुषांनो, घरात कोणी हे सांगितले तर कापणी, लग्नसराई, मुलांची परीक्षा असली कारणे काढून महिना घालवू नका. आम्ही खात्याखात्यांतून विचारून पाहिले. उशीर बाईने एकटीने केला असे फार थोड्या वेळा निघाले.

अक्कांचे औषध, शस्त्रक्रिया आणि नंतरचे किरणोपचार पुरे झाले. आता त्या दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात आणि गेल्या दिवाळीपासून कामावरही येऊ लागल्या आहेत, बसून करावयाच्या कामावर. ते बसून करण्याचे काम मिळविण्यासाठी दोन बैठका लागल्या. शिबिराच्या संस्थेला आम्ही पत्र लिहिले; आपल्या अहवालाच्या तळाशी 'हे निदान नव्हे' असे छापलेले असते, असे उत्तर आले. काढून पाहिले, छापलेले होते. आम्ही ती ओळ अक्कांना वाचून दाखविली नव्हती.

सध्या युनियनची मागणी अशी आहे की तीस वर्षांवरील प्रत्येक कामगार स्त्रीची शिकलेल्या परिचारिकेकडून वर्षातून एकदा गिरणीतच, कामाच्या वेळेत तपासणी व्हावी, आणि जिला पुढे पाठवावे लागेल तिला तेवढे दिवस भरपगारी सुटी मिळावी. परिचारिकेचे व्यवस्थापनाने मान्य केले आहे. भरपगारी सुटीवर गाडे अडले आहे. त्यांचे म्हणणे की सवलतीचा गैरवापर होईल. सुईने गाठ तपासून घेण्याचा गैरवापर कोणी हौसेने करील, असे आम्हांस वाटत नाही, आणि तसे आम्ही बैठकीत बोललोही. पुढची बैठक येत्या महिन्यात आहे. यादीत आजपर्यंत त्रेचाळीस नावे आली आहेत. ती अक्कांनीच खात्यात फिरून गोळा केली आहेत, आणि सर्वांत वर त्यांच्या धाकट्या बहिणीचे नाव आहे. ती दुसऱ्या पाळीला असते.